नव्या रंगवलेल्या भिंती आणि शिफ्टिंग: ओरखडे कसे टाळायचे?

माळरान
नमस्कार मंडळी. पुण्याजवळ रावेतला नवीन टू बीएचके घेतलाय, सातवा मजला. सुतारकाम, फॉल्स सीलिंग सगळं उरकलं आणि आता रंगाचं काम शेवटाला आलंय. बिल्डरचं जिप्सम प्लास्टर आहे, त्यावर पुट्टी, प्रायमर आणि इमल्शनचा (पाण्यात मिसळायचा रंग) एक हात झालाय, दुसरा हात या आठवड्यात मारून पेंटर मोकळा होणार म्हणतोय. हॉल आणि पॅसेज ऑफ व्हाइट, हॉलची एक भिंत गडद हिरवी (नवऱ्याची हौस, माझं मत विचारू नका).

प्रश्न असा की लगेच पुढच्या आठवड्यात शिफ्टिंग. सासूबाईंचं गोदरेजचं कपाट आहे जे त्या कुठल्याही परिस्थितीत सोडणार नाहीत, थ्री सीटर सोफा, डबल डोअर फ्रिज, स्टोरेजवाला बेड आणि पुस्तकांची खोकी वेगळीच. वरच्या मजल्यावर नुकतेच एक कुटुंब राहायला आलं, त्यांच्याकडे डोकावले तर पॅसेजचा कोपरा फुटून आतलं पांढरं प्लास्टर दिसतंय आणि भिंतीला काळी लांबलचक रेघ. तेव्हापासून पोटात गोळा आलाय. नवरा म्हणतो सगळीकडे प्लॅस्टिक चिकटवून टाकू. चालेल का? चिकटपट्टीने रंग निघणार नाही का? शिवाय वास्तुशांत हॉलमध्येच करायची आहे, होमासकट. अनुभवी लोकांनी सांगा प्लीज.

चहाबाज
आधी वास्तुशांत मग शिफ्टिंग, का उलटं? म्हणजे भिंतींवर पहिला हल्ला कुणाचा, गुरुजींचा की हमालांचा ते कळेल 😀

बाकी वाचतोय, आमचंही दिवाळीनंतर आहे.

रंगारीपुत्र
वडिलांचा पेंटिंग कॉन्ट्रॅक्टचा धंदा आणि आता मीही तेच बघतो म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर शेवटचा परिच्छेद वाचा.

इमल्शन अर्ध्या तासात हाताला सुकतं, चार ते सहा तासांनी त्यावर पुढचा हात मारता येतो, त्यामुळे लोकांना वाटतं की रंग तयार झाला. तसं नसतं. वरून सुकला तरी आतून तो टणक व्हायला तीन-चार आठवडे जातात, दमट हवेत त्याहून जास्त. तोपर्यंत तो मऊ असतो, नखाने ओढलं तरी निशाण पडतं, ओल्या फडक्याने जोरात घासलं तर तेवढी जागा चमकायला लागते. डब्यावरची ती "धुता येणारी भिंत" वगैरे जाहिरात महिन्याभरानंतर खरी होते, पहिल्या आठवड्यात नाही. म्हणजे तुम्ही शिफ्टिंग करताय ते नेमकं भिंत सगळ्यात कच्ची असताना.

प्लॅस्टिक भिंतीला चिकटवू नका. एक तर पुट्टीतली आणि प्लास्टरमधली ओल बाहेर पडायची असते ती अडकते, मग फोड येतात. दुसरं म्हणजे ब्राऊन टेप. तो टेप ताज्या भिंतीवरून काढताना नुसता रंग नाही, खालची पुट्टीसुद्धा पापुद्र्यासारखी घेऊन येतो. बबल रॅपसुद्धा ताज्या रंगाला टेकवून ठेवू नका, गोल गोल ठसे उठतात, आणि रद्दीचा पेपर तर अजिबात नको, शाई उतरते ऑफ व्हाइटवर.

आता मुद्द्याचं. तुमचा दुसरा हात अजून बाकी आहे ना? मग तो आत्ता मारूच नका. शेवटचा हात शिफ्टिंगनंतर. आमच्या घरच्यांच्या, नातेवाईकांच्या कामात आम्ही कायम असंच करतो. आत्ता पेंटरला सांगा की पॅसेज आणि हॉल इथेच थांबव, जड सामान आत येऊ दे, जे काय फुटायचं, घासायचं ते होऊ दे, मग फुटलेलं भरून पॉलिश पेपर मारून एक अखंड हात. टचअपचा ठिगळ दिसायचा प्रश्नच उरत नाही.

आडवातिडवा
रंगारीपुत्र, तत्त्व म्हणून शंभर टक्के मान्य. पण पेंटर परत येतो का हो कधी? आमच्याकडे "साहेब दोन दिवसात येतो" म्हणाला तो गावाला गेला, यात्रा झाली, पेरणी झाली, तोवर आम्ही अर्धवट रंगवलेल्या हॉलमध्ये पाहुणे बसवतोय. शेवटी दुसरा माणूस आणला, त्याने आधीच्याच्या कामाला नावं ठेवण्यात सकाळ घालवली.

आणि सामान आल्यावर रंगवायचं म्हणजे सोफा झाका, टीव्ही झाका, पुस्तकं झाका, स्वयंपाकाचं काय, लहान मूल असेल तर वास. मला तरी वाटतं एकदाच सगळं संपवावं आणि शिफ्टिंगच्या दिवशी डोळ्यात तेल घालून उभं राहावं.

रंगारीपुत्र
पेंटर परत येत नाही कारण त्याचे पैसे झालेले असतात 🙂 शेवटच्या हाताचा हिशोब आधीच वेगळा बोलायचा आणि तो राखून ठेवायचा, एवढंच. त्यालाही ते परवडतं कारण नाहीतर फुकट टचअपसाठी बोलावता तुम्ही लोक.

आणि सगळं घर थोडंच म्हणतोय मी. बेडरूमचे दोन्ही हात आत्ता पूर्ण करून दार लावून टाका. फक्त सामान जिथून जाणार तेवढाच पट्टा राहू दे, म्हणजे मुख्य दार, हॉलची दाराकडची बाजू, पॅसेज. आणि तो गडद हिरवा तर नक्की शेवटी, कारण गडद रंगावर साधी पिशवी घासली तरी पांढरट रेघ उठते आणि टचअप केलं की डाग अजून उठून दिसतो.

निवृत्त_सिव्हिल
दोघांचंही बरोबर आहे, पण भिंत मुळात कशाची आहे ते आधी पाहू.

जिप्सम प्लास्टर हे वाळू-सिमेंटच्या प्लास्टरपेक्षा गुळगुळीत, लवकर होणारं, त्याला पाणी मारत बसावं लागत नाही, म्हणून गेल्या काही वर्षांत पुण्या-मुंबईच्या बहुतेक टॉवरमध्ये आतून तेच दिसतं. पण ठोका सहन करायची ताकद कमी. सिमेंटच्या कोपऱ्याला कपाट लागलं तर कपाटाला पोचा येईल, जिप्समच्या कोपऱ्याला लागलं तर कोपरा जाईल. प्लास्टर करतानाच कोपऱ्यात धातूची पट्टी बसवली असती तर प्रश्न मिटला असता, पण बिल्डर ते सहसा करत नाही. तुमच्या वरच्या मजल्यावर जो कोपरा फुटलाय तो पॅसेजचा बाहेर आलेला कोपरा असणार, कारण तिथेच सामान वळतं.

म्हणून सगळ्या भिंती झाकायच्या भानगडीत पडू नका. सामान ज्या वाटेने जाणार ती वाट एकदा रिकाम्या हाताने चालून बघा. मार लागतो तो गुडघ्यापासून खांद्यापर्यंतच्या पट्ट्यात, वळणावर, दाराच्या चौकटीला आणि स्विचबोर्डाच्या आसपास. तेवढंच नीट झाका. कशाने? सनपॅक शीट मिळतात, निवडणुकीत ज्याच्यावर उमेदवारांचे फोटो लावतात ते पोकळ प्लॅस्टिकचे बोर्ड. वजनाला हलके, ठोका खातात, कटरने हलकी चीर मारली की काटकोनात दुमडतात. कोपऱ्याला असा दुमडलेला तुकडा उभा करायचा, आतल्या बाजूने जुनी चादर किंवा फोम शीट. टेप भिंतीला लावायचाच नाही, खाली स्कर्टिंगच्या (भिंतीच्या तळाच्या पट्टीच्या) टाइलला लावा आणि बाजूला दाराच्या चौकटीच्या लॅमिनेटला. टाइलवरून काही निघत नाही.

सनपॅक नको असेल तर फ्रिज-वॉशिंग मशीनच्या दुकानात मोठी खोकी मागा, ओळखीचा असेल तर फुकट देतो. दोन-तीन थर एकावर एक ठेवले की पुरतं.

कोकणकडा
आमच्याकडे कुडाळला चिऱ्याचं घर, भिंतीला कपाट लागलं तर भिंतीला काय होत नाही, कपाट बघावं लागतं. फक्त जूनमध्ये रंग द्यायचा नाही एवढं पाळतो. तुम्हा शहरवाल्यांच्या भिंती म्हणजे वेफर.

माळरान
निवृत्त_सिव्हिल काका, तुम्ही म्हणताय तो कोपरा आमच्याकडेही आहे, हॉलमधून आत वळताना. पॅसेज साडेतीन फुटाचा असेल, वर एका बाजूला माळा आहे सात फुटावर. कपाट आत जाईल ना? आता दुसरीच भीती बसली.

रंगारीपुत्र दादा, पेंटरशी बोलते, कल्पना आवडली. पैसे थोडे बाकी आहेत अजून, नशीब.

गणितज्ञ_नव्हे
कपाटाचं माप टाका ना. साधारण स्टीलचं मोठं कपाट साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद आणि दीड-पावणेदोन फूट खोल असतं. आडवं करून नेलं तर पॅसेजमधून जाईल, प्रश्न ते उभं करताना येतो. उभं करताना त्याचा कर्ण मोजायचा असतो, उंची नाही. रुंदीच्या बाजूने, म्हणजे कुशीवरून, उभं केलं तर कर्ण सात फूट दोन इंचांच्या आसपास येतो, म्हणजे तुमच्या सात फुटी माळ्याला ठोकणारच. पाठीवर झोपवून खोलीच्या (दीड-पावणेदोन फुटांच्या) बाजूने उभं केलं तर कर्ण सहा फूट आठ-नऊ इंच, निघून जाईल. तेही माळ्याखाली कशाला, सरळ बेडरूममध्ये नेऊन मोकळ्या जागेत उभं करा.

हमाल हे मोजत बसत नाहीत, ते "होतंय होतंय" म्हणतात आणि माळ्याची कड जाते.

आडवातिडवा
नाव गणितज्ञ_नव्हे आणि पायथागोरस लावून मोकळे 😀 पण हे भारी आहे. सोफ्याचंही असंच, थ्री सीटर दारातून आडवा जात नाही तेव्हा उभा करून आधी पाठ मग पाय असा फिरवत न्यावा लागतो, त्या फिरवण्यात चौकटीच्या वरच्या कोपऱ्याची वाट लागते. पाय स्क्रूचे असतील तर आधीच काढा, इंच इंच महत्त्वाचा असतो.

शिफ्टिंगवाली_मावशी
बदलीची नोकरी केलेल्या माणसाशी लग्न झालंय त्यामुळे सामान बांधण्यात आयुष्य गेलं. भिंत वाचवायची तर भिंतीला कमी गुंडाळा आणि सामानाला जास्त गुंडाळा. भिंत एका जागी असते, टोकं सामानाला असतात. कपाटाच्या चारी कडांना जुनी गोधडी, वरून सुतळी किंवा स्ट्रेच फिल्म, हँडलवर वेगळं फडकं, कारण ती काळी लांब रेघ आहे ना ती बहुतेक वेळा हँडलने नाहीतर बेडच्या बिजागरीने ओढलेली असते. कपाट रिकामं करायचं, आतला लॉकर पण. लोक आत साड्या तशाच ठेवतात "कपडेच तर आहेत" म्हणून आणि मग चार माणसांना ते पेलत नाही की ते भिंतीला टेकवून श्वास घेतात. तो टेकू सगळ्यात वाईट.

आणि हमालांचे हात. काम करताना घाम, धूळ, टेम्पोचं ग्रीस, मग तोल सांभाळायला पांढऱ्या भिंतीवर पंजा. सुती हातमोजे स्वस्त मिळतात, घेऊन ठेवा, न कुरकुरता घालतात. कमरेच्या पट्ट्याला चाव्या, खिशात पेचकस असेल तर काढून ठेवायला सांगा गोड बोलून. चहा-पोहे सामान चढवायच्या आधी द्या, नंतर नाही. नंतर फक्त पाणी. उपाशी माणूस घाई करतो.

राइनकाठी
जर्मनीत राहतो, इथली गंमत सांगतो. इथे भाड्याचं घर सोडताना भिंतीची भोकं बुजवून, बरेचदा पांढरा रंग मारून द्यावं लागतं, त्यामुळे लोक घरात शिरतानाच भिंतींना जपतात. जिन्याच्या वळणावर आणि चौकटींना जाड ब्लँकेट अडकवून ठेवतात, सामान नेताना खांद्यावरून पट्टा घेतात म्हणजे हात मोकळे राहतात आणि वजन खाली राहतं. तो पट्टा भारतातही ऑनलाइन मिळतो, पण तुमच्या हमालांना सवय नसेल तर देऊ नका, नवीन वस्तू घेऊन जिन्यात प्रयोग नको.

माळरान
मावशी, हातमोज्यांची आयडिया लिहून घेतली. कपाट रिकामं करायला सासूबाई तयार होतील का हा वेगळा धागा काढावा लागेल.

आता होमाचं सांगा कुणीतरी.

चहाबाज
तेच म्हणतोय मी पहिल्यापासून, गुरुजी राहिले बाजूला!

रंगारीपुत्र
होमावर बोलायचंच होतं. तूप आणि समिधांचा धूर तेलकट असतो, फॉल्स सीलिंगच्या पांढऱ्यावर त्याची काजळी बसते आणि पंखा लावला तर ती सगळ्या हॉलभर एकसारखी बसते. लोक दुसऱ्या दिवशी ओलं फडकं घेऊन पुसायला जातात आणि तिथेच बिघडतं, काजळी पाण्याने पसरते आणि रंगात मुरते. आधी कोरडी काढायची, मऊ ब्रशने किंवा कोरड्या स्पंजने, एकाच दिशेने, न दाबता. आणि काजळी तशीच ठेवून वरून इमल्शन मारलं तर पिवळट डाग वर येतो, हे पेंटरलाही सांगून ठेवा, घाईत विसरतात.

म्हणजे क्रम असा लावा बघा: वास्तुशांत, मग जड सामान, मग कोपरे भरून शेवटचा हात. होमाची काजळी आणि शिफ्टिंगचे ओरखडे दोन्ही त्या एका हाताखाली जातात. मला तरी याहून स्वस्त उपाय माहीत नाही.

पळीपंचपात्र
पौरोहित्य करतो म्हणून लिहितो. होम हॉलच्या मधोमध फॉल्स सीलिंगच्या खाली करायचा अट्टहास यजमानांचा असतो, आमचा नाही. बाल्कनीच्या दाराजवळ घ्या, दार-खिडक्या उघड्या, पंखा बंद. कुंडाखाली विटा आणि वाळूचा थर हवाच, नाहीतर उष्णतेने टाइल तडकते आणि मग भिंतीचं दुःख कुणाला आठवत नाही. समिधा चांगल्या वाळलेल्या आणा, ओल्या समिधांनीच निम्मा धूर होतो. नवीन इमारतींत स्मोक डिटेक्टर असतात, सिक्युरिटीला आदल्या दिवशी सांगून ठेवा. एका ठिकाणी पूर्णाहुतीच्या वेळी अलार्म वाजला होता, वॉचमन सिलेंडर घेऊन हजर.

अळूचं_फदफदं
आणि हळदी-कुंकू! आमच्या आत्याबाईंनी गृहप्रवेशाला ओल्या कुंकवाचं स्वस्तिक थेट नव्या भिंतीवर काढलं. त्यावर दोनदा रंग मारला, दोनदा गुलाबी होऊन वर आलं.

रंगारीपुत्र
कुंकवातला रंग पाण्यात विरघळतो म्हणून पाण्याच्या रंगातून वर येतोच. त्यावर आधी ऑइल बेस प्रायमरचा पट्टा मारावा लागतो, मग इमल्शन. हळदीचं उलट, तिला साबण लावू नका, लाल होते (चुना लागला की होते तशीच). नुसत्या ओल्या कापडाने टिपून घ्या, भिंतीवर ऊन येत असेल तर राहिलेला डाग हळूहळू उडतो. सगळ्यात सोपं म्हणजे स्वस्तिक दारावर किंवा पाटावर काढा.

निवृत्त_सिव्हिल
कोपरा फुटलाच तर काय करायचं ते राहिलं. बहुतेक पेंटर तिथे पुट्टीचा गोळा थापतात. पुट्टी ही गुळगुळीत करायला असते, भोक भरायला नाही, दीड मिलिमीटरच्या वर जाड भरली की सुकताना तडा जातो किंवा महिन्याभरात टुपकन पडते. आधी सुटं झालेलं सगळं खरवडून काढायचं, धूळ ब्रशने झटकायची, जागा किंचित ओलसर करायची, मग जिप्सम भिजवून कोपरा बांधायचा. भिजवल्यावर ते पंधरा-वीस मिनिटांतच आवळायला लागतं, म्हणून थोडं थोडंच कालवायचं. ते पूर्ण सुकलं की वरून पातळ पुट्टी, पेपर, प्रायमर, रंग. वारंवार ठोके बसणारा कोपरा असेल तर त्यावर कायमचा पीव्हीसीचा एल कॉर्नर गार्ड लावून टाका, रविवार पेठेत बोहरी आळीत सगळ्या मापात मिळतात. दिसायला काही जणांना आवडत नाही, पण घरात सायकल, व्हीलचेअर किंवा दुडदुडणारं मूल असेल तर आवडून घ्यावं.

डेपॉझिट_गेलं
सोसायटीची बाजू कुणी सांगितली नाही. बहुतेक ठिकाणी शिफ्टिंगच्या वेळा ठरलेल्या असतात आणि सर्व्हिस लिफ्ट आधी लिहून घ्यावी लागते. ती वेळ संपत आली की हमाल पळायला लागतात आणि तेव्हाच भिंती घासतात. म्हणून शक्यतो सकाळची पहिली वेळ घ्या. लिफ्टला आतून प्लाय मारलेला आहे का बघा, लॉबीच्या भिंतीचेही आधी फोटो काढून ठेवा, कारण लॉबीतला प्रत्येक जुना ओरखडा शेवटचं शिफ्टिंग ज्याचं त्याच्या नावावर पडतो.

दुसरं, पॅकर्सवाले ट्रान्झिट इन्शुरन्स विकतात तो सामानाचा असतो. भिंत फुटली तर त्यात काही मिळत नाही. भिंतीचं नुकसान कोण भरणार हे कोटेशनवरच एका ओळीत लिहून घ्या आणि सामान उतरायच्या आधी, त्यांच्या सुपरवायझरला सोबत घेऊन, मोबाइलवर सगळ्या घराचा व्हिडिओ काढा. व्हिडिओ काढताना तो बघत असतो ना, तेवढ्यानेच निम्मं काम होतं. नंतर भांडण्यात अर्थ नाही, मी करून बघितलंय.

आडवातिडवा
नावावरून कळलं 😀

गणितज्ञ_नव्हे
अजून एक. सामान आल्यावर ते भिंतीला चिकटवून लावू नका, निदान पहिले काही महिने दोन-तीन इंच सोडा. नव्या इमारतीत भिंतींमध्ये ओल असतेच आणि पावसाळ्यात कपाटामागे हवा फिरली नाही की बुरशी धरते, मग कपाट ओढताना तो ताजा रंग कपाटाच्या पाठीला चिकटून येतो. सोफ्याच्या पाठीला आणि पलंगाच्या डोक्याकडच्या फळीला मागून फेल्टच्या टिकल्या लावा. रबराच्या नको, काळं रबर पांढऱ्या रंगावर डाग सोडतं.

लिंबूटिंबू
एक बावळट प्रश्न. मास्किंग टेप तर पेंटर स्वतःच भिंतीला लावतात ना? मग आपण लावला तर काय होतं?

रंगारीपुत्र
बावळट नाही. ते कागदी टेप असतात, कमी चिकट, आणि पेंटर काम संपलं की त्याच दिवशी काढतो. तुम्ही लावून आठ दिवस ठेवता, खिडकीतून ऊन पडतं, गोंद पक्का होतो. लावायचाच झाला तर आधी दाराच्या मागे एका कोपऱ्यात तुकडा लावून बघा, रंग येतो का. शिफ्टिंगच्या सकाळी लावा, संध्याकाळी काढा, काढताना सरळ बाहेर न खेचता स्वतःवरच दुमडून हळू. अडला तर हेअर ड्रायरची गरम हवा द्या.

माळरान
सगळ्यांचे खूप आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. पेंटरशी बोलले. आधी थोडा कुरकुरला की ओटा झाकावा लागेल, सामान सरकवावं लागेल, पण हॉल आणि पॅसेजच्या शेवटच्या हाताचे पैसे वेगळे काढून ठेवलेत म्हटल्यावर तयार झाला. बेडरूम तो याच आठवड्यात पूर्ण करतोय. होम बाल्कनीच्या दाराशी, गुरुजींना काही हरकत नाही, सासूबाईंना होती पण गुरुजींनीच सांगितल्यावर मिटलं. सनपॅक एका फ्लेक्सवाल्याकडे मिळालं, जुनेच बोर्ड, त्यावर अजून एका नगरसेवकाचा हात जोडलेला फोटो आहे. तो आता आमच्या पॅसेजच्या कोपऱ्याचं रक्षण करणार.

कपाट रिकामं करण्यावर बोलणी चालू आहेत.

एक राहिलं, उरलेला रंग ठेवायचा कसा? मधल्या काळात सुकणार नाही ना डब्यात?

रंगारीपुत्र
नगरसेवकाला पहिल्यांदाच काम लागलं 😀

रंग मोठ्या डब्यात तळाला ठेवू नका, वर हवा राहिली की साय धरते. पाणी अजून मिसळलेलं नसेल तोच रंग लहान घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात काठोकाठ भरा. पाणी घातलेला ठेवला तर वास मारतो. डब्यावर शेड कोड, कंपनी, फिनिश आणि कुठली भिंत ते मार्करने लिहा, मशीनवर परत तोच कोड दिला तरी दुसऱ्या बॅचमध्ये उन्नीस-बीस होतं, म्हणून लिटरभर तरी कायमचा राखून ठेवा. हिरव्याचा डबा वेगळा. आणि शेवटच्या हाताच्या दिवशी सोफा, फ्रिज भिंतीपासून दीड-दोन फूट ओढायला घरातला एक माणूस थांबवा, पेंटर एकटा ओढायला गेला तर टाइलवर ओरखडा पाडेल आणि त्याचा परत नवीन धागा निघेल.